टोपी मागायला आलेला माणूस

आज दुपारी दस्तगीरभाऊजी तुमची टोपी मागायला आले. तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. तेराव्यासाठी शेजारपाजारहून आणलेली भांडी ज्याच्या त्याच्या घरी पोचती व्हायची आहेत. आणि हा माणूस ओट्यावर बसून, चहाची बशी खाली ठेवून मला म्हणतो, "वैनी, एवढ्यात यायचं न्हवतं मला. पर आमचं ठरलं हुतं. दोघातला जो आधी जाईल तो हरला, आन् त्याची टोपी दुसऱ्याकडं."

कुणाचं ठरलं होतं? तुमचं आणि त्यांचं. मला कुणी विचारलं होतं? टोपी पलटणीची खरी, पण तुम्ही कायमचे घरी आलात त्या दिवसापासून कडुलिंबाचा पाला घालून ती ट्रंकेत ठेवली मी. दर दिवाळीला ऊन दाखवलं मी. तिच्यावरचा पितळी बिल्ला चिंचेनं घासून लख्ख ठेवला तोही मीच. आणि तुम्ही स्टेशनच्या बाकावर हसता हसता ती दुसऱ्याच्या नावावर करून मोकळे झालात. मी भाऊजींना म्हटलं, "बसा, बघते." आत आले आणि ट्रंकेवर बसून राहिले. उघडली मात्र नाही.

खरं सांगायचं तर राग टोपीचा नव्हता. तुम्ही असतानाही मी त्या माणसावर जळत होते. तुम्ही गेल्यावर तरी ते थांबेल असं वाटलं होतं, तेही थांबलं नाही. बाकीच्या बायकांच्या वाट्याला सवत येते, जाऊ येते, सासू येते. माझ्या वाट्याला आला आरमारातून सुटून आलेला, स्टेशनच्या वाटेवर सायकलींची पंक्चर काढणारा, हाताला सदा वंगण लागलेला एक बाप्या. हे सांगणार कुणाला? सांगितलं असतं तर अख्खी येडशी हसून लोळली असती.

तुमची पहिली भेट मला आठवते, कारण मी तिथंच होते. लग्नानंतरची तुमची पहिली रजा. माझ्या माहेराहून, बार्शीहून, आपण छोट्या गाडीनं येत होतो. डब्यात समोर हा बसलेला; त्याचं घर नुकतंच येडशीत आलेलं, म्हणून ओळख नव्हती. पांढरे शुभ्र कपडे, खाली घोळदार विजार, पाठीवर निळी कॉलर लोंबणारी, डोक्यावर वाटीसारखी टोपी. आपल्या भागात पाणी म्हणजे आडाच्या तळाशी चमकतं तेवढंच. आरमाराचा गणवेश कुणी पाहिला होता? तुम्ही त्याला खालीवर न्याहाळलंत आणि अगदी गंभीरपणे विचारलंत, "कोणच्या बँडात हायेस? लग्नाच्या सुपाऱ्या घेता का वरातीच्याच?"

त्यानं तुमच्या बुटांकडे बघितलं, बुटांवरच्या मातीकडे बघितलं. "आदी तू सांग. मेंढरं कुठं सोडून आलास?"

डब्यातली माणसं माना वळवून बघायला लागली. मला वाटलं आता मारामारी होणार, म्हणून मी मांडीवरचं बोचकं घट्ट धरलं. आणि तुम्ही दोघं जे हसायला लागलात ते येडशी येईपर्यंत. वाटेत तुम्ही त्याला आपली पलटण सांगितलीत, लंगरखान्यातली जाड रोटी सांगितलीत, कवायतीत पडलेल्या उस्तादाची गोष्ट सांगितलीत. त्यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं. मी नवी नवरी, शेजारी बसलेली, आणि माझ्या नवऱ्याची माहिती मला एका परक्या माणसाच्या मेहेरबानीनं मिळत होती. उतरताना त्यानं माझ्याबद्दल विचारलं तेव्हा कुठं तुम्ही म्हणालात, "ह्या घरच्या." तेवढीच माझी ओळख.

पण एक मान्य करते. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. गावात रामराम आणि सलाम चालू होते, पण एकमेकांच्या ओट्यावर बसणं बंद पडलं होतं. तुम्ही दोघं फलाटावर उतरलात ते एकमेकाचा उद्धार करत, आणि ते सगळ्या गावानं पाहिलं. त्या संध्याकाळी भाऊजींच्या आईनं आपल्याकडे शेवया पाठवल्या. सासूबाई ताट हातात घेऊन क्षणभर थांबल्या आणि मग घरात घेऊन आल्या. पुढाऱ्यांच्या भाषणांनी जे झालं नव्हतं ते तुमच्या शिव्यांनी झालं. त्याबद्दल मी तुम्हा दोघांची ऋणी आहे, आणि तरीही जळते.

मग तुमचं नावं ठेवणं सुरू झालं. रजा जुळली की रोज. नोकऱ्या संपवून दोघं गावात स्थिरावलात तेव्हा तर त्याला ताळतंत्रच उरलं नाही. तुम्ही ढेकळ्या, चिखलदेव, बुटांचा हमाल. ते बेडूक, डबकेबहाद्दर, आणि तुम्ही खरंच चिडलात की नुसतं 'बँडवाला'. आपल्या ओट्यावर मैफल जमायची आणि मी दाराआड ज्वारी निवडत बसायची. हाका ऐकून मला कळायचं आज तुमची तब्येत कशी आहे. ढेकळ्या म्हटल्यावर तुमचा जो आवाज निघायचा ना, 'काय रं' म्हणून, भरलेला, तो आवाज मी कधी माझ्यासाठी ऐकला नाही. मला 'अगं' आणि तुम्हाला 'अहो'. नवऱ्यानं चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नाही, बायकोनं तर कधीच नाही. लग्नात उखाणा घेतला तेवढंच काय ते तुमचं नाव माझ्या तोंडून निघालं. म्हणजे नात्यागोत्याचा नसलेल्या माणसाजवळ तुमची चारपाच नावं, आणि माझ्याजवळ एकही नाही. याला न्याय म्हणत असतील तर म्हणोत.

एकदा उमरग्याचा तो हवाई दलातला कारकून गावातल्या लग्नाला आला होता, आठवतो? निळा कोट, केसांना तेल. तुमच्यात येऊन बसला बिचारा, त्याला वाटलं आपली जातकुळी एक. तुम्ही दोघं क्षणात एक झालात. तुम्ही म्हणालात, "या चिमणाजी, कुठल्या तारंवर बसलाव?" भाऊजी म्हणाले, "इमानात बसलाव का नुसतीच त्याची हजेरी घेतली?" तो खरंच कधी विमानात बसला नव्हता. पण माणूस खमक्या. म्हणाला, "वरनं बघितलं की चिखल आन् डबकं सारखंच दिसतंय म्हनं." दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. तो गेल्यावर तुम्ही कितीतरी दिवस त्याचं कौतुक केलंत. मी दाराआड हसत होते. माझं हसणं तुमच्यापर्यंत पोचलं नाही.

आणि गोवा. गोव्याचं भांडण हा तर तुमचा नेम होता. तुमची पलटण तिथं पायी गेली आणि भाऊजींचं जहाज तिथंच समुद्रात उभं होतं, हे कळल्या दिवसापासून गोवा कुणी घेतलं हा एकच प्रश्न जगात उरला. तुम्ही म्हणायचे, आमी चालत चालत आत शिरलो, तुमी लांबनं फटाके वाजवत हुता. ते म्हणायचे, आमच्या फटाक्यानं वाट मोकळी झाली म्हणून तुमचे बूट तिथवर पोचले. मग तुम्ही पोर्तुगीजांनी उडवलेल्या पुलांचं सांगायचे, काट्याकुट्यांचं सांगायचे, पायाचे फोड दाखवायला निघायचे. शेवटी भाऊजी बशीतला चहा फुंकून सावकाश म्हणायचे, "ढेकळ्या, तुमी पणजीच्या अलीकडं आलाव. म्होरं पाणी. मग काय चालत गेलाव का? शेवटी होडीच लागली ना?"

इथं तुम्ही गप्प व्हायचे. दर वेळी इथंच. मी आतून वाट बघायची की आज काहीतरी जोरदार बोलाल. तुम्ही 'उद्या सांगतो' म्हणून उठायचे आणि घरात येऊन निष्कारण माझ्यावर डाफरायचे. मला वाटायचं, हरल्याचा राग आहे.

मग तुम्ही गेलात. छातीत कळ आली म्हणालात, मी सुंठीचा काढा ठेवायला उठले, आणि तेवढ्यात. शेवटचं बोलणं झालं ते काढ्यात गूळ घालू का यावर. तिरडी उचलली तेव्हा मी उंबऱ्यापर्यंत आले. बाईनं त्याच्या पुढं जायचं नसतं. खांदा कुणी दिला? तुमच्या भावांनी, आणि त्यांच्याबरोबर दस्तगीरभाऊजींनी. त्यांना कुणी अडवलं नाही, अडवू नयेच, पण मी दारात उभी राहून बघत होते की शेवटच्या वाटेलाही तेच तुमच्या सोबत. त्या दिवशी मला तुमच्या जाण्याइतकंच हेही लागलं, हे आज तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

त्याहून कहर दहाव्याला झाला. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेले, पण खाली एकही उतरेना. तुमच्या थोरल्या भावांनी सगळं सांगून पाहिलं. लेकीकडे आमी बघू, तुझ्या मंडळीला अंतर देणार न्हाय, बांधाचा वाद मिटवू. मी घरातून निरोप दिला होता तोही त्यांनी सांगितला, की माझी काळजी करू नका, मी खंबीर आहे. कावळा ढिम्म. ऊन चढलं, माणसं कंटाळली, दर्भाचा कावळा करायचं चाललं होतं. तेव्हा लांब बाभळीखाली उभे असलेले भाऊजी दोन पावलं पुढं आले आणि मोठ्यानं म्हणाले, "ढेकळ्या, घेतलंस बाबा गोवा. तूच घेतलंस. खा आता."

आणि कावळा आला म्हणे.

भावांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा बायका डोळ्याला पदर लावून हसल्या. मी हसले नाही. माझ्या शब्दाला आला नाहीत आणि त्यांच्या शब्दाला आलात. इतकी वर्षं मी कोण होते तुमची?

हे सगळं मनात घेऊन मी आज ट्रंकेवर बसले होते. बाहेरून भाऊजींचा आवाज आला. "वैनी, राग आला असला तर ऱ्हाऊ द्या. पर टोपी म्या जिंकल्याची म्हणून मागत न्हाय. त्या टोपीच्या आतल्या कडंला एक खूण हाय, तेवढी बगायची हुती."

"कसली खूण?"

ते बाहेर खाकरले. मग म्हणाले, "त्यानं सांगितलं न्हाय तुमास्नी? मग म्या सांगू का नगं?"

"सांगा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच आवडला नाही.

त्यांनी सांगितलं. पणजीच्या अलीकडे तुमची तुकडी होड्यांत बसली. तुम्हाला पोहता येत नव्हतं, आणि नुसतं तेवढंच नव्हे. पाण्याकडे बघितलं की तुमच्या हातापायातलं बळ जायचं. लहानपणी आडात पडला होतात, थोरल्या भावांनी दोर टाकून काढलं, तेव्हापासूनचं. होडी हलली तसे तुमचे दात कडकड वाजायला लागले. शेजारच्या जवानाला दात वाजलेले ऐकू जाऊ नयेत म्हणून तुम्ही टोपी काढलीत आणि तिची कातड्याची कड दातात धरलीत. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत सोडली नाहीत. भाऊजींना हे तुम्ही एकदा बाकावर सांगितलंत, रडत. नंतर त्या भीतीचा दोघांनीही उघड शब्द काढला नाही.

ती कड. ती कुरतडलेली कड मला ठाऊक आहे. ट्रंकेत टोपी ठेवतानाच मला ती दिसली होती. मला वाटलं उंदरानं खाल्ली. उंदराच्या नावानं बोटं मोडली, सापळा लावला, आणि सुईदोरा घेऊन ती कड दुमडून शिवून टाकली. तुम्ही समोर बसला होतात. म्हणालात, "चांगलं केलंस." बस्स.

आणि आड. अहो, आपल्या परसातला आड. एवढी वर्षं तुम्ही एक पोहरा कधी शेंदला नाहीत. मी पोटुशी होते तेव्हाही नाही. मी म्हणायची, फौजेत हात मोडून आलात का? तुम्ही दहा हात लांब उभं राहून मिशीला पीळ द्यायचे, "पलटणीचा माणूस पोहरा वढत न्हाय." गल्लीतल्या बायका तुम्हाला साहेब म्हणायच्या, मला तुमच्या ताठ्याची लाज वाटायची. तो ताठा नव्हता. तुम्ही मला ताठा आहे असं समजू दिलंत, रोज माझी बोलणी खाल्लीत, पण खरं सांगितलं नाहीत. का? मी हसले असते म्हणून? हसले असते कदाचित, एकदा. मग पोहरा ओढला असता आणि जन्मभर त्यावर बोलले नसते. तेवढा भरवसा तुम्ही बँडवाल्यावर ठेवलात आणि माझ्यावर नाही.

मी दाराशी आले. भाऊजींना विचारलं, "तुमाला हे ठावं हुतं. तुमी आरमारातले, ते पाण्याला भ्यायचे. मग इतक्या वर्षांत एकदा तरी चिडवलं का न्हाय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. वेड्यासारखं काही विचारलं असावं तसं. "चिडवायचं ते खोट्यावरनं, वैनी. खऱ्यावर बोट ठिवलं तर दोस्ती ऱ्हाती का?"

"मग होडीचं कशाला काढायचा दर वेळी?"

भाऊजींनी मान खाली घातली. "ते आदीपासनं चालू हुतं. त्यानं सांगितल्यावर म्या बंद केलं, तर तोच म्हनला, बंद करू नगंस. लोकास्नी कळंल. तू बोलत ऱ्हा, म्या उठून जात जाईन."

म्हणजे तुमचं गप्प होणंसुद्धा दोघांनी मिळून ठरवलेलं. मी आत गेले. ट्रंक उघडली. टोपी काढली आणि टाचणीनं माझे स्वतःचे टाके एकेक करून उसवले. कड उघडी झाली. दातांचे ठसे आहेत, नीट ओळीनं. त्यावर बोट फिरवलं आणि मला तुमची इतकी दया आली, आणि इतका राग आला, की कोणतं आधी करावं ते कळेना.

टोपी घेऊन मी ओट्यावर गेले. भाऊजींनी दोन्ही हात पुढं केले, प्रसाद घ्यावा तसे. मी त्यांना कड दाखवली. त्यांनी पाहिली, बोट लावलं नाही, डोळे पुसले. मग मी टोपी मागं घेतली.

"मिळायची न्हाय," मी म्हटलं. "हरल्याची टोपी जिंकल्याकडं असंच ठरलं हुतं ना? मग जिंकलं कोण? दहाव्याला दहा माणसांत तुमी कबूल केलंत, गोवा त्यांनी घेतलं म्हणून. तवा टोपी इथंच ऱ्हाईल. तुमचीच आणून द्या."

 भाऊजींची पाठ ताठ झाली. "ते कावळ्यासाटी बोललो, वैनी. खरं ते खरं. शेवटी होडीच लागली ना?"

"होडी कुणाची हुती?"

त्यांनी रिकामी बशी उचलली.

"सांगा की. आरमाराची हुती? तुमचं जहाज तर लांब उभं हुतं. होडी कोळ्याची. काठावरच्या गरीब कोळ्यानं सोडलेली. त्यात तुमच्या आरमाराचं काय?"

ते हसायला लागले. आधी गालात, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येऊन. वंगणाच्या फडक्यानं तोंड पुसलं, त्यामुळे गालावर काळा पट्टा उठला. "ह्ये त्यानं कवा म्हनलं?"

"त्यांनी न्हाय. म्या म्हणतेय."

बशी उपडी घालून ते उठले. पायऱ्या उतरून खाली गेले आणि वळून म्हणाले, "उद्या येतो, ढेकळीणबाई. जबाब घिऊन येतो."

मी 'या' म्हटलं. ज्या आवाजात म्हटलं तो माझा मलाच ओळखू आला नाही.

एवढी वर्षं ते उत्तर तुम्हाला सुचलं नाही, मला सुचलं. उद्या ते येतील, मी चहा ठेवीन, आणि दाराआड बसणार नाही. तुम्ही आता जिथं असाल तिथून ऐका. आम्ही तुमच्या ओट्यावर बसून, तुमचंच भांडण, तुमच्यावाचून भांडणार आहोत. इतकी वर्षं मी जळले. आता तुम्ही जळा.